डोंगरामागे डोंगर, मध्ये दर्या

मार्गळी, हा तमिळ धनुर्मास, लागली की मैलापूरच्या गल्ल्या उजाडायच्या आधीच ओल्या होतात. पावसानं नव्हे. बायका दारापुढचा रस्ता झाडून पाणी मारतात आणि त्या ओलीवर कोलम काढतात. आपल्या रांगोळीसारखंच असतं ते. फक्त यात ठिपके रेघेनं जोडायचे नसतात. रेघ ठिपक्यांना न शिवता त्यांच्याभोवतीनं फिरत जाते आणि जिथून निघाली तिथेच परत येते. मला ते अजून जमत नाही. माझी रेघ मधेच कुठेतरी अडकते.

आज कॉलेजच्या एका कामासाठी त्या भागात गेले होते. काम लवकर आटोपलं आणि पाय देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत वळले. जवळच्या सभेत, म्हणजे गाण्याच्या सभागृहात, संध्याकाळच्या मैफलीसाठी कुणीतरी माइक तपासत होतं, कँटीनमधून कॉफीचा आणि तुपात परतलेल्या काजूंचा वास येत होता. सगळं गेल्या वर्षीसारखंच. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला मात्र आता जाड निळा पडदा आहे. गेल्या मार्गळीत तिथे पडदा नव्हता. खुर्ची खिडकीला टेकवलेली असायची, खुर्चीत कमलाक्का, आणि त्यांच्या मांडीवर ती राखाडी पाटी.

“ऊन येऊं दे, अगो,” त्या म्हणायच्या. “तुमच्या मोबाइलास सावली लागते. माझ्या पाटीस ऊन लागतें.”

खरंच होतं ते. ई-रीडरचा पडदा स्वतः उजेड देत नाही. कागदासारखा बाहेरचा उजेड घेतो. जितकं ऊन जास्त तितकी अक्षरं काळी.

मला मराठीत लिहायची सवय नाही. चौथीनंतरची माझी सगळी शाळा तमिळ आणि इंग्रजीत झाली. हे लिहितानाही शब्द जागेवर बसतायत की नाही, याची धाकधूक आहे. पण ही आठवण एका मराठी अक्षराची आहे. ती दुसऱ्या भाषेत सांगता येईल, असं वाटत नाही.

आम्ही साताऱ्याकडचे. माझे वडील, ज्यांना मी आप्पा म्हणते, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहेत. इथे सगळीच मुलं वडिलांना अप्पा म्हणतात, त्यामुळे शाळेत पुष्कळ दिवस कुणाला कळलंच नव्हतं की मी मराठी आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉम्प्युटर शिकते म्हटल्यावर आईला वाटतं, बटण असलेलं काहीही मला दुरुस्त करता यावं. मिक्सर बंद पडला तरी ती आधी माझ्याकडे बघते.

मैलापुरात मराठी लोकांचं एक लहानसं मंडळ आहे. बँकेतले, रेल्वेतले, सरकारी कचेऱ्यांतले लोक दसऱ्याला आणि संक्रांतीला जमतात. त्या वर्षीच्या दसऱ्याला आई मला ओढून घेऊन गेली होती. तिथे फराळ चालू असताना एक उंच, सडपातळ बाई कापडी पिशवी सांभाळत मधे उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ह्या यंत्रांत मराठी घालून देणारें येथें कोण आहे? मज मराठी आस्कें बोलतां येतें. वाचायचें राहिलें.”

आस्कें म्हणजे सगळं. तंजावरकडच्या मराठी घरांतला शब्द. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तिकडे गेले आणि तिथेच राहिले; त्यांच्याबरोबर गेलेली मराठीही तशीच राहिली, तमिळच्या चालीवर. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या मागच्या खुर्चीवरून एक बाई म्हणाल्या, “ही कुठली गं मराठी?” दुसऱ्या म्हणाल्या, “बखरीतली!” आणि त्या दोघी हसल्या. हसण्यात दुष्टपणा नव्हता बहुतेक. पण ते हळूही नव्हतं.

कमलाक्कांनी ऐकलं. त्यांनी पिशवीचा बंद एकदा मनगटाला गुंडाळला, आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही कॉम्प्युटरची आहे.”

मी तोपर्यंत ई-रीडर हातातही घेतला नव्हता.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. मी “आजी” म्हणून काहीतरी बोलायला लागले तर हात वर करून थांबवलं. “शेजारचीं मुलें पाट्टी म्हणतात, तेवढें पुरे. पाट्टीच्या हातांत पाटी. तूं अक्का म्हण.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “संक्रांतीस मी येथें उभी राहून एक पान वाचणार. छापील मराठी. माझ्या डोळ्यांनीं. मग बघूं कोण हसतें.”

डोळ्यांचं त्यांनी तिथेच सांगून टाकलं, भाजीचा भाव सांगावा तसं. दोन्ही डोळ्यांतला मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसतं, मधलं विरतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टरांनी किती दिवस ते सांगितलं नव्हतं, आणि अक्कांनी विचारलं नव्हतं.

देवनागरी त्यांना येत होती. लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. शाळा तमिळमधून, नोकरी इंग्रजीतून, आणि घरातली भाषा मात्र फक्त तोंडातली. आईनं रागावलेलं, वडिलांनी समजावलेलं, बहिणींशी भांडलेलं सगळं मराठीत. पण ती भाषा पुस्तकात कशी दिसते, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. सिंगापूरच्या मुलानं, रघूनं, ई-रीडर पाठवला तो तमिळ मासिकं वाचायला. यांनी ठरवलं, मराठी वाचायचं.

मग माझे रविवार सुरू झाले. दोन बस बदलून मैलापूर. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये अक्षर एका मापापलीकडे मोठं होत नव्हतं, आणि अक्कांना त्याच्या दुपटीनं हवं होतं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं एक फुकट सॉफ्टवेअर मिळालं. ते घातलं की अक्षर हवं तेवढं वाढतं, समास काढून टाकता येतो, आपला फाँट लावता येतो. वाचून वाचून, भीत भीत मी ते घातलं. यंत्र सुरू होईना तेव्हा मी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले. अक्का शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. “झोपूं दे त्यास थोडें,” म्हणाल्या. आणि खरंच, थोड्या वेळानं ते उठलं.

रघूचा फोन स्पीकरवर असायचा. “अम्मा, थर्ड-पार्टी सॉफ्टवेअर कशाला घातलंस? वॉरंटी जाईल. आणि ती मुलगी कोण आहे, नीट ओळख आहे का?”

अक्कांनी फोनवर तळवा ठेवून मला विचारलं, “थर्ड-पार्टी म्हणजे आपल्यांत काय?”

मला जरा विचार करावा लागला. “तिऱ्हाईत,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. हा शब्द त्यांच्या घरात होता. बाहेरच्या माणसासमोर घरातलं बोलू नये म्हणून त्यांची आई तो वापरायची. फोनवरचा हात काढून त्या म्हणाल्या, “ऐकलेंस, रघू? सॉफ्टवेअर तिऱ्हाईत, घालणारी तिऱ्हाईत. तूं पोटचा, तुजकडनें जाहलें नाही.”

तिकडून रघू हसला. “सरि, अम्मा, ठीक आहे. पण वायफाय लावू नकोस. कंपनीचं नवं अपडेट आलं तर हे सगळं पुसून टाकेल.” एवढं मात्र त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून पाटीच्या कोपऱ्यात विमानाचं चिन्ह कायम असायचं, आणि मी निघताना अक्का विचारायच्या, “विमान बसलें आहे ना जागेवर?”

पुस्तक मी एका जुन्या पुस्तकांच्या साइटवरून उतरवलं होतं. कुणा एका शाळामास्तरांनी घाटवाटांनी पायी केलेल्या प्रवासाचं. ते निवडलं याचं कारण सांगायला लाज वाटते: ते आमच्या बाजूचं होतं, आणि मला स्वतःला ते वाचायचं होतं.

अक्षर इतकं मोठं की एका पानावर एकच वाक्य मावायचं. कधी अर्धंच. पान उलटलं की ई-रीडरचा पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि मग नवी अक्षरं वर येतात. अक्का पाटी डाव्या बाजूला धरायच्या, तोंड उजवीकडे वळवायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायच्या, परीक्षेत शेजारणीच्या पेपरात बघावं तसं. मी तसं म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सत्तर वर्षें कॉपी केली नाही. आतां करतें.”

खाली सभेत कुणीतरी व्हायोलिनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घासत असायचं. वर आम्ही. वाक्य, काळोख, वाक्य, काळोख. मला अजूनही सलग लिहिलेलं पान बघितलं की ते फार घाईचं वाटतं.

एका रविवारी अक्कांनी वाचलं, “डोंगरामागे डोंगर, आणि मध्ये दर्या.” थांबल्या. पान उलटलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या गल्लीतून चालत गेलं तर समुद्र काही फार लांब नाही. भरतीच्या दिवशी हवेला मीठ लागलेलं असतं.

“तुमच्याकडे असें असतें?” त्यांनी विचारलं. “दोन डोंगरांच्या मध्यें समुद्र?”

मी पडद्याकडे बघितलं. तिथे खरोखरच ‘दर्या’ लिहिलं होतं. रफार डोक्यावर, ‘सूर्य’मध्ये असतो तसा. पण मास्तर सह्याद्रीत उभे होते. तिथे कुठला दर्या? तिथे दऱ्या. खोल दऱ्या.

“अक्का, हे ‘दऱ्या’ आहे,” मी म्हटलं. “व्हॅली. यात समुद्र नाही.”

“मग छापलें कां चुकीचें?”

मागची पानं उलटून बघितली. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं होतं. मास्तरांनी एका लग्नघरात आचाऱ्यांना हाक मारली होती, तिथे आचार्यांना मारली होती, आणि ते आचार्य धावत भजी घेऊन आले होते. ते मी वाचून दाखवल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की खालचं व्हायोलिनसुद्धा क्षणभर थांबलं. पण हसणं संपल्यावर अक्कांनी पाटी मांडीवर उपडी ठेवली. हिंदीत हे अक्षर नसतं. य ला किंवा ह ला डावीकडून भुवईसारखी चिकटलेली ती छोटी रेघ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तोंडात मात्र होती. तिऱ्हाईत म्हणताना त्यांची जीभ अगदी बरोबर वळायची. इतके दिवस यंत्र चुकीचं दाखवत होतं आणि त्या चुकीचं वाचत होत्या, आणि मी शेजारी बसून ऐकत होते, पण त्यांचा उच्चारच तसा असेल असं समजून काही बोलले नव्हते.

“हेंच जर मी संक्रांतीस वाचलें असतें,” एवढंच त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी दुरुस्त करते. म्हणून बसले खरी, पण मला कुठून सुरुवात करायची तेही माहीत नव्हतं. कॉलेजला सुट्टी होती. त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी रोज दुपारी शोधायला लागले. फाँट बदलून बघितला. तो निर्दोष होता. मग पुस्तकाची फाइल उघडली, तर त्यातही सगळं ठीक. ज्यांनी ते पुस्तक टाइप केलं होतं, त्यांनी जुन्या पद्धतीनं र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य चिन्ह घातलं होतं. त्या चिन्हाला रुंदी नसते, ते पडद्यावर दिसत नाही, जागा घेत नाही. त्याचं काम एवढंच की दोन अक्षरांच्या मध्ये उभं राहून त्यांनी कसं जुळायचं ते सांगायचं. ते असलं तर भुवई येते. नसलं तर रफार डोक्यावर जाऊन बसतो आणि दरीचा समुद्र होतो.

आणि आमचं तिऱ्हाईत सॉफ्टवेअर पुस्तक उघडताना सगळी अदृश्य चिन्हं झाडून टाकत होतं. कुणा भल्या माणसानंच लिहिलं होतं ते. त्याच्या भाषेत तो कचरा होता.

हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी सोललेल्या लसणीची साल फुंकून उडवली. “दिसत नाही म्हणून काढून टाकलें?” त्या म्हणाल्या. “अय्यो.”

सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी जिथे बोलतात तिथे जाऊन इंग्रजीत सांगायचं होतं. मला इंग्रजी कळतं, पण लिहिताना वाटतं, कुणीतरी मागून वाचतंय. मी लांबलचक लिहून पुसलं. शेवटी पडद्याचे दोन फोटो लावले आणि खाली इतकंच लिहिलं: यातला एक शब्द समुद्र आहे, दुसरा शब्द दऱ्या आहे, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही समुद्र होतात. काय बदलावं असं मला वाटतं, तेही भीत भीत जोडलं. उत्तर आलं ते कुठल्या देशातून कोण जाणे. त्यानं विचारलं होतं, या भाषेत असे शब्द किती आहेत? मी अक्कांना विचारलं. आम्ही दोघी मोजायला बसलो आणि मधेच नाद सोडला, कारण अक्कांना प्रत्येक शब्दाबरोबर एक माणूस आठवत होतं. बऱ्या म्हटलं की धाकटी बहीण, दोऱ्या म्हटलं की विहीर. मी लिहिलं, पुष्कळ. त्यानं माझी दुरुस्ती घेतली.

पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, थोडे दिवस असताना नवं सॉफ्टवेअर मी पाटीवर चढवलं. ते पान उघडलं. डोंगरामागे डोंगर, आणि मध्ये दऱ्या. भुवई जागेवर. माझ्या शिक्षणाचा एवढा लखलखीत उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता. अक्कांनी पाटी डावीकडे धरली, नेहमीपेक्षा बराच वेळ तिरकं बघितलं, आणि पडद्यावर बोट ठेवलं. “येथें?”

“हो, तिथेच.”

“बरें दिसतें,” त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला होता की त्यांनी बोट शब्दाच्या जरा शेजारी ठेवलं होतं, हे मला तेव्हा जाणवलं नाही. आता ते बोट सारखं आठवतं.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला कारखान्याला सुट्टी असल्यानं आप्पाही आले. ते मागच्या ओळीत, चपलांजवळच्या खुर्चीवर बसले. अक्का गडद जांभळी रेशमी साडी नेसून, केसांत मोगरा माळून आल्या होत्या. त्यांचं नाव पुकारलं. त्या पाटी घेऊन उभ्या राहिल्या, तोंड उजवीकडे वळवलं. काही लोकांना वाटलं, त्या दाराकडे बघतायत, आणि त्यांनीही दाराकडे बघितलं.

“सकाळीं धुकें निवळलें,” अक्कांनी वाचलं. आवाज स्वच्छ होता. अंगठ्यानं पान उलटलं. दुरून मला पडदा काळा होऊन पुन्हा उजळलेला दिसला.

“डोंगरामागे डोंगर,” त्या म्हणाल्या. “आणि मध्यें दर्या.”

पुढच्या ओळीतून कुणीतरी हळूच सुचवलं, “दऱ्या. दऱ्या.” कुठेतरी एक बारीकसं हसू फुटलं आणि दाबलं गेलं. अक्का थांबल्या नाहीत. पान उलटत, उलटत, त्यांनी ठरवलेलं सगळं शेवटपर्यंत वाचलं आणि खाली बसल्या. टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. दसऱ्याला हसलेल्या बाईंनीच पुढे येऊन त्यांच्या हातात तिळगूळ ठेवला. पण मी अक्कांच्या हातांकडे बघत होते. त्यांनी पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला होता.

जिन्यात मी म्हटलं, “अक्का, अक्षर बरोबर होतं. मी सकाळीच तपासलं होतं.”

“असेल, अगो. तूं केलेंस तें बरोबरच असेल.” त्यांनी कठडा चाचपून धरला. “मज पाटी पांढरी दिसली. चार दिवस जाहले, मधलें आस्कें गेलें. तोंडांत होतें तें वाचलें. आणि तोंडांत समुद्रच होता.”

अक्षर वेळेत आलं होतं. डोळे थांबले नव्हते.

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अदृश्य चिन्हापासून आजच्या वाचनापर्यंत. आप्पा फार बोलत नाहीत. पूनमल्लीच्या पुढे गर्दी कमी झाली तेव्हा म्हणाले, “मग त्या बाईंचं चुकलं काय?”

“आप्पा, ते दऱ्या होतं. त्यांनी दर्या वाचलं.”

“आपल्याकडचं पुस्तक म्हणालीस ना?” ते बाहेर बघत होते. “आपलं गाव दरीतच होतं. धरण झालं. आता वरच्या खिंडीत उभं राहिलं तर काय दिसतं? डोंगरामागं डोंगर, अन् मधी पाणीच की. लाटा येत्यात वारं सुटल्यावर.” मग थोड्या वेळानं, “देवळाचा कळस दिसायचा उन्हाळ्यात. आता न्हाई दिसत.”

मी ते पाणी पाहिलेलं आहे. लहान असताना, खिंडीतूनच. पण आमच्या घरात त्याला धरण म्हणतात, आणि धरण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भिंत येते. त्या पाण्याच्या तळाशी आमच्या दऱ्या आहेत, हे कुणी मला कधी असं सांगितलं नव्हतं. ‘यात समुद्र नाही’ असं मी अक्कांना किती ठामपणे म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना आप्पांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्या खुर्चीत होत्या, ऊन मांडीवर पडलं होतं, पाटी कपाटावर ठेवलेली. ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि माझा चेहरा शोधला, कान, मग गाल.

“म्हणजे मी खोटें वाचलें नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, अक्का.”

“तुझ्या आप्पांस सांग. मज तें ठिकाण दिसलें होतें म्हणून.”

उन्हाळ्याच्या आधी रघू येऊन त्यांना सिंगापूरला घेऊन गेला. एकट्यानं राहणं आता शक्यच नव्हतं. जाताना पाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, “पाट्टी चालली. पाटी तुज.” पुस्तक तेव्हा अर्धंसुद्धा झालं नव्हतं. मास्तर घाटमाथ्यावर होते.

त्या गेल्यावर मला वाटलं, रविवार मोकळे झाले. ते मोकळे होत नाहीत. मी ज्या भाषेत स्वप्नं बघते ती बहुतेक तमिळ आहे, परीक्षा देते ती इंग्रजी. मराठी माझ्याकडे जेवढी होती ती जेवण आणि भांडणापुरती. अक्कांसोबतच्या त्या मार्गळीत ती पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत माझ्या समोर आली, एका वेळी एक वाक्य. वाचायला त्या शिकत होत्या, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

आज गल्लीतून परतताना तळ्याच्या पायऱ्यांवर बसले आणि फोन लावला. आमचं ठरलेलं आहे. मी इथून वाचते, त्या तिथून ऐकतात. पण आज आधी त्यांना कोलमं हवी होती. कुणाच्या दारात कोणतं, कोलमाच्या मधोमध भोपळ्याचं फूल कुठे ठेवलंय, सभेत कोण गातंय. मी सांगत गेले. खिडकीच्या निळ्या पडद्याचं मात्र सांगितलं नाही.

“तेथें ऊन आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे, अक्का. भरपूर.”

“मग पाटी काढ. नवें नको आज. तें पान वाच.”

मी पाटी काढली. कोपऱ्यात विमान जागेवर होतं. उन्हात अक्षरं काळीभोर उठली, भुवईसकट.

“सकाळी धुकं निवळलं,” मी वाचलं. पडदा काळा झाला, उजळला. “डोंगरामागे डोंगर, आणि मध्ये दऱ्या.”

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, “आणि?”

“आणि दर्या,” मी म्हटलं.

“सरि,” अक्का म्हणाल्या. “पुढें वाच.”